निकुरेभाऊंचा संशय

निकुरेभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, पायांकडे बघून बोलत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात मी औषधांच्या खिडकीवर रुजू झाले, त्या दिवशी त्यांचं पहिलं बोलणं झालं ते माझ्या चपलांशी झालं असं म्हटलं तरी चालेल. मी नमस्कार केला. ते माझ्या डाव्या टाचेकडे बघत म्हणाले, "नमस्ते जी. डावी चप्पल आतून जास्त घासली तुमची. कंबर दुखते का?"

"नाही."

"पाय झिणझिणते?"

"नाही हो."

"मले पटून नाई राह्यलं," असं म्हणून ते निघून गेले.

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, म्हणून मीही बदली मागून इकडे आलेली. नवीन गाव, नवीन भाषा, उन्हानं डोकं उठलेलं, आणि त्यात हा माणूस. कंबर माझी, आणि पटायचं ह्यांना! त्या दिवशी मी त्यांच्याबद्दल जे मत करून घेतलं ते बदलायला मला पुढची चार वर्षं लागली.

अंगानं काटकुळे, पन्नाशीच्या पुढचे, मान कायम थोडी पुढे काढलेली. अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि त्याच्या खिशात तीन वस्तू ठरलेल्या: बॉलपेन, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसाचा बोळा आणि कोंबडीचं एक पीस. ते कुष्ठरोगाचे तंत्रज्ञ होते. गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगावरचे डाग बघायचे, हातापायांची जाणीव गेली आहे का ते तपासायचं, सापडला रोगी की औषध सुरू करायचं, हे त्यांचं काम. रोगाचं नाव त्या भागात कोणी घेत नाही. फार तर 'मोठा रोग' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. आता गोळ्या घेतल्या की तो पूर्ण बरा होतो, हे भिंतीभिंतीवर लिहिलेलं आहे. पण निकुरेभाऊंची मोटरसायकल गल्लीत शिरली की अंगणात बसलेल्या बायका पाय पोटाशी घेऊन लुगड्याखाली झाकत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या केंद्रातल्या लोकांचाही त्यांच्यावर फार जीव होता अशातला भाग नाही. "त्याला टार्गेट असते, बाई," मला कोणीतरी पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं. "रोगी कमी पडले की तो संशय वाढवते." मला हे लगेच पटलं. सरकारी नोकरीत टार्गेट म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नव्हती. त्यामुळे निकुरेभाऊ लोकांवर संशय घेत आणि मी निकुरेभाऊंवर, असा आमचा संसार सुरू झाला.

त्यांची तपासणी मात्र बघण्यासारखी असे. माणसाला डोळे मिटायला लावायचे. मग पायावर कुठेतरी कापूस हलकेच टेकवायचा आणि म्हणायचं, "कुठी लागलं? बोट ठेवा." माणूस बोट ठेवी. पुन्हा दुसरीकडे. पुन्हा तिसरीकडे. मग मधेच एकदा ते कापूस लावतच नसत, नुसतंच विचारत, "आता कुठी लागलं?" ज्याच्या पायाला धड जाणीव आहे तो सरळ म्हणे, "कुठी नाई लागलं जी." आणि ज्याचा पाय सुन्न आहे, आणि ज्याला तो लपवायचा आहे, तो घाबरून म्हणे, "इथी!" तिथे तो पकडला जाई. ही युक्ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती हलकटपणाची वाटली. आजारी माणसाला काय फसवायचं! मी तसं बोलून दाखवलं.

"मी फसवून नाई राह्यलो बाई," ते म्हणाले. "तोच स्वतःले फसवून राह्यला. मी फक्त पाहून राह्यलो."

आता आमच्या ह्यांची गोष्ट सांगते. आमचे हे दर शनिवारी ऊर्जानगरहून मोटरसायकलवर माझ्याकडे येत. एका वर्षी त्यांची कंबर धरली. उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जायची आणि पाऊल बधीर व्हायचं. चंद्रपुरात मोठा फोटो काढून झाला. मणक्यातली गादी किंचित फुगली आहे असा अहवाल आला. तो पिवळा लिफाफा आमचे हे सगळीकडे मिरवत होते. त्या काळात ह्यांच्याशी कोणी हवापाण्याचं बोललं तरी हे लिफाफा उघडत. निकुरेभाऊंसमोरही उघडला. त्यांनी फोटोकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

"जरा त्या निंबापर्यंत चालून या जी."

हे चालून आले.

"बसा. आता उठा. मांगं वळा." मग ह्यांच्या पँटच्या मागच्या खिशाकडे बोट दाखवून, "हे काय हाय?"

"पाकीट."

"काढा."

पाकीट निघालं. त्यात जुन्या पावत्या, चार-पाच कार्डं, दोन पासपोर्ट फोटो, माझ्या सासूबाईंची चष्म्याची चिठ्ठी आणि काय काय. वीट परवडली. निकुरेभाऊंनी ते हातात तोलून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं.

"यावर बसून हे हप्त्याले एवढ्या लांबून गाडी चालवून राह्यले. शीर दबणार नाई तं काय! पंधरा दिवस पाकीट बाईपाशी ठेवा."

हे चिडले. फोटोत गादी दिसते आहे आणि हा माणूस पाकिटाचं सांगतो! मी मात्र पाकीट ठेवून घेतलं, आणि तीन आठवड्यांत ह्यांचा पाय बरा झाला. मी निकुरेभाऊंना म्हटलं, "म्हणजे फोटो चुकीचा होता?" तर म्हणाले, "चुकीचा कशाले राहीन? अशी फुगलेली गादी अर्ध्या जगाच्या कंबरेत सापडते. पण दुखणं तिथूनच हाय का, हे मले पटून नाई राह्यलं होतं." आमचे हे अजून म्हणतात की गोळ्यांनी गुण आला.

मडावी आजोबांच्या वेळी मात्र प्रकरण असं थट्टेवारी संपलं नाही. हे आजोबा गडचिरोलीच्या हद्दीजवळच्या जंगलातल्या एका टोल्यावर राहत, म्हणजे दहा-बारा घरांची वस्ती. मोहफुलं वेचताना कंबर धरली ती सुटेना. हळूहळू पायातलं बळ गेलं, मुंग्या यायला लागल्या, माणूस खाटेला खिळला. नात दर महिन्याला येऊन माझ्याकडून दुखण्याच्या गोळ्या नेई. वय झालं, आता चालायचंच, असं मीही तिला म्हटलं होतं. निकुरेभाऊ त्या वस्तीवर गेले ते पाय सुन्न आहेत हे ऐकून, आपला रोग शोधायला. डाग सापडला नाही. दुसरा कोणी असता तर कागदावर 'नाही' लिहून परत आला असता. ह्यांनी म्हाताऱ्याला पालथं निजवलं आणि मानेपासून खाली एकेक मणका बोटानं चाचपत गेले. मध्यावर बोट अडलं. एक मणका टोकासारखा वर आलेला होता. मग विचारलं, संध्याकाळी अंग तापतं का, जेवण जातं का. आजोबांना दीड महिना बारीक ताप होता, तो कोणी मोजला नव्हता.

मणक्याचा टीबी निघाला. खोकला नाही, काही नाही, आणि टीबी! मी थक्कच झाले. औषधं सुरू झाली आणि पुढच्या मोहाच्या हंगामात म्हातारा काठी टेकत झाडाखाली आला. निकुरेभाऊंचं मी कौतुक करायला गेले तर म्हणाले, "मी काई नाई केलं. साऱ्यांनी गोळ्या देल्ल्या, पाठ कोणी पाह्यली नाई." हे बोलताना त्यांनी पायांवरची नजर उचलून सरळ माझ्या खिडकीकडे पाहिलं. मला ते झोंबलं. झोंबायलाच पाहिजे होतं.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या वस्तीवरच्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या पुजाऱ्यानं घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हे माझ्या हातातलं नाही, दवाखान्यात न्या. घरच्यांनी नेलं नव्हतं. "त्या पुजाऱ्यावर माहा भरोसा हाय," निकुरेभाऊ म्हणाले. "आपलं काय नाई, ते त्याले समजते." चार वर्षांत त्यांनी कोणावर भरोसा असल्याचं मी एवढं एकदाच ऐकलं.

त्यांचा संशय चुकला नाही असं मात्र नाही. एकदा फार वाईट चुकला, माझ्या येण्याच्या आधी. रस्त्यावरच्या एका गावात शामराव म्हणून एकाची चहाची टपरी होती. निकुरेभाऊंना त्याच्या दंडावर डाग दिसला. त्यांनी तिथेच, चार गिऱ्हाइकांसमोर, कापूस काढला आणि तपासायला बसले. निघाला साधा नायटा. पण 'निकुरे शामरावचा हात पाहून राह्यला होता' ही बातमी संध्याकाळपर्यंत तीन गावं फिरली. नायट्याची बातमी कुठेच गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर माणूस फिरकेना. निकुरेभाऊ दर मंगळवारी मुद्दाम तिथे जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा चहा पीत. चहा भयंकर असायचा म्हणे, नुसती साखर. दोन वर्षं प्यायले. पण लोक म्हणायचे, निकुरेचं काय, तो तर रोग्यांच्याच घरी जेवते. शेवटी शामराव टपरी मोडून कुठे तरी निघून गेला.

तेव्हापासून त्यांनी एक पद्धत पाडून घेतली. एका घरावर संशय असला तरी एका घरी जायचं नाही. अख्खी गल्ली तपासायची, आणि सुरुवात सरपंचाच्या घरापासून करायची. दोन तासांच्या कामाला दोन दिवस लागत. वरून शेरे येत. पण मग कोणाच्या दारात गाडी थांबली याला अर्थ उरत नसे. आणि दुसरं, ते कोणालाच 'तुले काई नाई' असं कधी म्हणत नसत. फार तर म्हणत, "आज तं काई दिसून नाई राह्यलं. सहा महिन्यांनी पाहू." लोक यावरून त्यांना शिव्या घालत. आता वच्छलाबाईंची गोष्ट.

वच्छलाबाई आमच्याच गावच्या. धानाच्या रोवणीला बायकांची टोळी घेऊन जाणाऱ्या. पंधरा-वीस बायका त्यांच्या शब्दावर चिखलात उतरत. आवाज असा की इकडच्या बांधावरून बोलल्या तर तिकडच्या बांधावर उत्तर यावं. कंबर दुखते म्हणून माझ्याकडे दर महिन्याला येत आणि खिडकीतूनच हुकूम सोडत, "ओ गोळीवाल्या बाई, ते लाल नोका देऊ, पोट जळते. पिवळी द्या." आयुष्यभर वाकून रोवणी केलेली बाई, कंबर दुखणारच, असं मी धरून चालले होते. मडावी आजोबांनंतरही माझा धडा कच्चाच होता.

तो मे महिना होता. तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आलेला, आणि वच्छलाबाईंच्या मुलीचं, रंजनाचं, लग्न आठ दिवसांवर. मुलगा नागभीडकडचा. दुपारचे साडेबारा वाजलेले. चंद्रपूरकडचं मे महिन्याचं साडेबाराचं ऊन काय असतं ते तिथे राहिल्याशिवाय समजायचं नाही. सिमेंटच्या अंगणावर उघडा पाय पडला तर माणूस उडी मारतो. वच्छलाबाई गोळ्या घेऊन निघाल्या. त्यांची उजवी चप्पल माझ्या खिडकीखालच्या पायरीवरच निघून राहिली, आणि त्या अनवाणी पायानं त्या सिमेंटवरून दहा-बारा पावलं तशाच शांत चालत गेल्या.

अंगणातल्या कडुनिंबाखाली निकुरेभाऊ बसले होते. ते उठले, चप्पल उचलली आणि तिच्यामागे गेले. "बाई, चप्पल."

वच्छलाबाईंनी आधी चपलेकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. तिचा चेहरा एकदम उतरला. "सवय हाय जी मले," ती म्हणाली. "माहे पाय पोळत नाई."

"मले पटून नाई राह्यलं."

त्यांनी तिला अंगणात तपासलं नाही. माझ्या औषधांच्या खोलीत आणलं, दार लोटलं आणि मला म्हणाले, "तुमी इथीच उभ्या राहा." वच्छलाबाईंनी डोळे मिटले. कापूस टेकला. "इथी," ती म्हणाली. चूक. पुन्हा टेकला. "इथी." चूक. मग त्यांनी कापूस लावलाच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसतं विचारलं, "आता?"

"इथी," वच्छलाबाई म्हणाली, आणि तिनं डोळे उघडले. त्यांचे रिकामे हात बघितले आणि ती रडायलाच लागली.

"निकुरेभाऊ, पाया पडतो तुमच्या. माह्या पोरीचं लग्न हाय. आठ दिवस कोणाले काई सांगू नोका. मंग मी तुमी द्यान ते औषध खातो."

तेव्हा मला उलगडलं. महिनाभर पाय सुन्न होता आणि बाई एकदाही तसं बोलली नव्हती. दुखतं हे सांगितलं, कारण दुखणं सगळ्यांचंच असतं. सुन्न हा शब्द त्या गावात तोंडातून काढला की त्याचा एकच अर्थ. नवऱ्यालाही माहीत होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं की लग्न होईपर्यंत दाबून धरायचं.

निकुरेभाऊ तिच्या पायाशी उकिडवे बसले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आत, जिथे जिथे त्यांच्या रोगात शिरा जाड होतात तिथे तिथे बोटं फिरवली. कातडी उजेडाकडे वळवून पाहिली. दुसराही पाय पाहिला. तोही तसाच बधीर. मग मला बाहेर बोलावलं.

"हे माहं नाई वाटत, बाई. माह्या रोगात अशी कंबरेतून कळ नाई येत. दोन्ही पाय एकदम गेले, हे काई तरी दुसरं हाय. आता जे विचाराचं हाय ते मी विचारलं तं ते बाई मरून जाईन पण सांगनार नाई. तुमी विचारा." आणि निंबाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ ठेवून, त्यांनी मला तीन प्रश्न सांगितले.

मी आत जाऊन विचारले. बसायची जागा सुन्न आहे का? लघवीला लागलेली समजते का? कधीपासून? वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला. कालपासून लागतच नव्हती. थेंब थेंब आपोआप होत होती. "लुगडं ओलं झालं तरी मले समजलं नाई बाई," ती म्हणाली. मला मी दिलेल्या त्या पिवळ्या गोळ्यांची लाज वाटली.

डॉक्टर चंद्रपूरला बैठकीला गेले होते. त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच सांगितलं की कंबरेतल्या मणक्यांमधल्या गादीचा तुकडा सरकून खालच्या साऱ्या शिरांचा जुडगा दाबला जातो आहे, उद्यावर ढकलू नका, आजच मोठ्या दवाखान्यात पोचली पाहिजे, नाही तर पाय आणि लघवी दोन्ही कायमचे जातील. नागपूरला मी बोलून ठेवतो, असं म्हणाले. दवाखान्याची गाडी दारात आली.

आणि वच्छलाबाईचा नवरा देवराव पण आला. त्यानं गाडी पाहिली, गाडीजवळ निकुरेभाऊ पाहिले, आणि त्याचं त्यानं ठरवून टाकलं. तेंदूपत्ता गोळा करतात त्या फळीवरून परतणारी माणसंही फाटकाशी जमली होती.

"गाडीत बसवाची नाई!" देवराव ओरडला. "या निकुऱ्यानं माहं घर बुडवलं. लग्न झाल्यावर मी सोता नेतो."

मी त्याला शीर, मणका, ऑपरेशन सगळं समजावलं. तो माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. "तुमी तं असंच मनसान. सरकारी मानूस." वच्छलाबाई आतून म्हणाली, "पाय गेला तं गेला. पोरीचं होऊ द्या." लग्न मोडलं तर कशामुळे मोडलं हे रंजनाला आयुष्यभर कोणी विसरू देणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. अर्धा तास असाच गेला.

मग निकुरेभाऊ गाडीच्या मागच्या पायरीवर चढून उभे राहिले. ह्या माणसाचा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"आयका जी सारे. या गावात मी कोणाले आजवर 'तुले काई नाई' असं मनलो का? सांगा."

मग मागून एक जण म्हणाला, "माह्या बापाले बी नाई मनलं तुमी. तो मरेपर्यंत सहा महिन्यांनी पाहू, सहा महिन्यांनी पाहू!" दोघं-चौघं हसली.

"नाई मनलो. आज मनतो. वच्छलाबाईले माहा रोग नाई. तिच्या कंबरेतली शीर दबली, रोवणी करू करू. उद्या कोणी वेगळं बोलन तं त्याले माह्यापाशी पाठवा. आन् आज तिले नाई नेलं तं हे बाई पोरीच्या लग्नात उभी राहू शकनार नाई."

देवराव त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो आत गेला, बायकोला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आला, आणि मी गाडीचं दार उघडलं.

ऑपरेशन त्याच दिवशी नागपुरात झालं. लग्न पंधरा दिवस पुढे गेलं, तेही मुलाच्या बापानंच फोन करून पुढे ढकललं, बाई घरी येऊ द्या म्हणून. वच्छलाबाई मांडवात खुर्चीवर बसल्या होत्या, पण अक्षता टाकायला उठल्या. दोन माणसांनी धरलं होतं, तरी उठल्या. लघवीचं सगळं सुरळीत झालं. पायांत बळ आलं. उजवी टाच तेवढी राहिली.

त्याच लग्नाच्या पंगतीत मी निकुरेभाऊंच्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला त्या दिवशी एवढी खात्री कशी पटली?"

ते वांग्याची भाजी भातात कालवत होते. "कुठी पटली होती?"

"म्हणजे?"

"तपासणी पुरी कुठी झाली होती माही? एका मानसाले दोन दुखणे नाई राहू शकत का? शीर दबली होती हे खरं. माहा रोग नाईच, हे मले अर्धंच समजलं होतं."

"मग तुम्ही एवढ्या लोकांसमोर..."

"वेळ नोता, बाई." त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. "साऱ्यांवर संशय घेऊ घेऊ एवढंच जमवलं होतं मी, का निकुरे खोटा धीर देत नाई. ते त्या दिवशी तिच्यावर लावून देल्लं. निघाला असता तिले माहा रोग, तं या तालुक्यात माह्या शब्दाले कुत्र्यानं बी हुंगलं नसतं."

नंतर त्यांनी गुपचूप सगळी तपासणी करून घेतली होती. रोग नव्हता. पण ते कळायच्या आधी हा माणूस पंधरा दिवस ते ओझं घेऊन हिंडत होता आणि आमच्यापैकी कोणाला पत्ता नव्हता. टार्गेटसाठी संशय घेतो म्हणून मी ह्या माणसाबद्दल चार वर्षं मनात काय काय धरलं होतं, ते आठवत मी वाढप्याला हाक मारून त्यांच्या पानात आणखी भाजी वाढायला लावली.

पुढच्या वर्षी, श्रावणाच्या सुरुवातीला, त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली. जाण्याच्या आधी उरलेल्या रोग्यांची औषधं पोचवायला ते निघाले तेव्हा औषधांची पेटी घेऊन मी त्यांच्या मागे मोटरसायकलवर बसले. वाटेत दोन्ही बाजूंना रोवणी चाललेली होती. एका बांधावर वच्छलाबाई बसल्या होत्या. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून त्या बांधावरून रोपांच्या पेंड्या फेकत होत्या आणि चिखलातल्या बायकांवर ओरडत होत्या. आमची गाडी दिसली तशी ओळीतल्या दोघीतिघींनी मान खाली घातली.

वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या. काठी टेकली आणि त्या बांधावरून, त्या आवाजात, ओरडल्या, "ओ निकुरेभाऊ! माही टाच अजून सुन्नच हाय जी! काईच समजत नाई तिले!"

निकुरेभाऊंनी गाडी बंद केली. सगळी ओळ थांबली होती. वीस बायका हातात रोपं धरून वाकल्या वाकल्या तशाच. मला वाटलं, आता कोणी तरी थुंकेल, नाही तर हसेल. निकुरेभाऊ वच्छलाबाईंच्या टाचेकडे बघत नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

मग ओळीच्या पार शेवटी एक हडकुळी बाई सरळ झाली. तिनं हातातली रोपं पाण्यात ठेवली. "भाऊ," ती म्हणाली, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माहे बी दोन बोटं समजत नाई. दिवाळीपासून."

तिच्या शेजारच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं. बाजूला सरली नाही.

निकुरेभाऊंनी बूट काढून माझ्या हातात दिले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चिखलात उतरले.